‘हात लावूं नकोस !’

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आम्हांस आढळला. एक भगिनी लिहितात कीं, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा फोनवर ग्रहमालेचीं हलतीं चित्रें तासन्‌तास पाहत बसतो; ह्यास शास्त्राचें शिक्षण म्हणावें कीं नुसता डोळ्यांचा चाळा ? दुसरे एक गृहस्थ, चार भावांच्या एकत्र कुटुंबाचे कर्ते, विचारतात कीं, मुलांना घरबसल्या शास्त्रज्ञ करूं म्हणणाऱ्या खेळण्यांच्या पेट्यांचा बाजारांत सुळसुळाट झाला आहे. त्यांतील एखादी घ्यावी कीं तेच पैसे मुलाच्या नांवें बँकेंत टाकावे? तिसऱ्या एका आजीबाईंचा प्रश्न सर्वांत सरळ आहे : "नातू घरांतली प्रत्येक वस्तू उघडून पाहतो. त्याला अडवूं कीं नको ?"

ह्या प्रश्नांस उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस स्वतःच्या घरांतील एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती आम्हांस भूषणावह नाहीं. तथापि दुसऱ्यांस चार शब्द सांगण्याचें काम ज्यानें पतकरलें आहे, त्यानें आपली चूक आधीं पदरांत घ्यावी, हें न्यायाचें होय.

गोष्ट सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची. आमच्या माजघरांतल्या कोनाड्यांत वडिलांच्या वेळचें गजराचें घड्याळ असे. मे महिन्याच्या सुटींत एके दुपारीं, घरांतील सर्व मंडळी वामकुक्षी करीत असतां, आमच्या वडील बंधूंच्या नऊ वर्षांच्या मुलानें तें सुरीच्या टोंकानें उघडलें. आम्ही उठून पाहतों तों चक्रें, स्प्रिंग, स्क्रू सारें वर्तमानपत्रावर मांडलेलें, आणि चिरंजीव एक दांतेरी चक्र बोटानें फिरवून त्याला लागलेलें दुसरें कोणत्या बाजूस फिरतें तें पाहत आहेत ! आज तें दृश्य आठवलें म्हणजे एक गोष्ट मनास टोंचते. त्यानें सारे भाग ज्या क्रमानें काढले, त्याच क्रमानें ओळींत मांडले होते. ती मोडतोड नव्हती. ती व्यवस्थित चौकशी होती. परंतु त्या वेळीं आम्हांस ओळ दिसली नाहीं, फक्त उघडें पडलेलें घड्याळ दिसलें. आम्हीं त्याच्या पाठींत दोन रट्टे घातले आणि बजावलें, "पुन्हां कशाला हात लावूं नकोस !" वहिनींनीं तुकडे गोळा केले, आणि विषय तेथेंच संपला असें आम्ही समजलों.

मुलगा आज्ञाधारक निघाला. त्यानें पुढें खरोखरच कशाला हात लावला नाहीं. पाठांतर उत्तम, परीक्षेंत नेहमीं पहिल्या पांचांत, यंत्रशास्त्राची पदवी, मानाची नोकरी. त्याच्या यशाचे पेढे आम्हीं हौसेनें वांटले. पण घरांतला फ्यूज गेला तर तो आजही माणूस बोलावतो; आणि माणूस काम करीत असतां, तें कसें चाललें आहे हें पाहण्यास जवळ उभाही राहत नाहीं. चक्रें ओळींत मांडणारा तो मुलगा कोठें गेला, हा प्रश्न आम्हीं स्वतःस पुष्कळ वर्षें विचारला नाहीं.

ह्यांत आमच्या एकट्याचा दोष असता तर तो येथें छापण्याचें कारण नव्हतें. आपल्या पांढरपेशा घरांचें वळणच असें आहे. पुस्तकास पाय लागला तर आपण चटकन्‌ हात जोडतों. पण घरांत पक्कड कोठें आहे असें विचारलें तर चार कपाटें धुंडाळावीं लागतात, आणि अखेर ती शेजाऱ्याकडून आणावी लागते. कारागीर खंडेनवमीस आपल्या हत्यारांची पूजा करतो, कारण वर्षभर तीं त्याच्या हातांत असतात. आपण शब्दाची उपासना केली, तिचीं फळें भोगलीं, आणि हाताचें काम ‘दुसऱ्यांचें’ म्हणून बाजूस सारलें. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हातांच्या उद्योगाभोंवतीं शिक्षण उभारण्याची योजना पुढें मांडली. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतल्या मुलांसाठीं जें काम आरंभिलें, त्यांत भोंवतालच्या साध्या वस्तूंसच शिक्षणाचीं साधनें करून दाखविलें. आपल्या घरांनीं त्यांच्याविषयीं आदर बाळगला. पण स्वतःच्या मुलांस मात्र पाठांतरासच बसविलें.

हा दोष आपल्याच देशापुरता आहे असेंही नाहीं. जगांतील बहुतेक वस्तुसंग्रहालयांत कांचेची पेटी व तिच्यावर ‘हात लावूं नये’ ही पाटी, हाच शिरस्ता होता. तो ज्यांनीं ठळकपणें मोडला, त्यांत फ्रँक ओपेनहायमर ह्यांचें नांव अग्रगण्य आहे. अणुबाँबच्या संबंधानें सर्वश्रुत झालेल्या रॉबर्ट ओपेनहायमर ह्यांचे हे धाकटे बंधु. स्वतःही नामांकित पदार्थशास्त्रज्ञ. पूर्वीं कम्युनिस्ट पक्षाशीं संबंध होता म्हणून १९४९ सालीं त्यांना विद्यापीठांतील जागा सोडावी लागली, आणि पुढें कित्येक वर्षें कोलोरॅडोंत गुरें पाळून राहावें लागलें. तेथेंच एका गांवच्या शाळेंत ते शास्त्र शिकवूं लागले, आणि हातानें केल्यावांचून मुलांस शास्त्र कळत नाहीं अशी त्यांची खात्री झाली. १९६९ सालीं त्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं ‘एक्सप्लोरेटोरियम’ नांवाची संस्था उघडली. तेथें प्रत्येक वस्तू हात लावण्यासाठींच ठेवलेली असते.

तेथील एक प्रयोग आपल्या घरांतल्या झोपाळ्याची आठवण करून देणारा आहे. एक अतिशय जड लंबक टांगलेला असतो. मुलाच्या हातीं दोरीस बांधलेलें एक लहानसें लोहचुंबक देतात. तें लंबकास चिकटवून जोरानें ओढलें तर चुंबक सुटून येतें आणि लंबक ढिम्म हलत नाहीं. परंतु लंबकाच्या स्वतःच्या लयीशीं लय जुळवून हलकेच ओढत राहिलें, तर थोड्या वेळानें तें प्रचंड धूड झोके घेऊं लागतें. झोपाळ्यावर बसलेल्या आजीस नातवंड नेमक्या वेळीं एका बोटानें झोका देतें, त्यांतलें शास्त्र हेंच. हें वाक्य पुस्तकांत वाचलें तर परीक्षेपुरतें राहतें. हातास कळलें तर जन्मभर राहतें.

त्या संस्थेची आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. ज्या कारखान्यांत हीं साधनें तयार होतात, तो त्यांनीं पाहुण्यांच्या नजरेआड ठेवला नाहीं. वस्तू बनतांना, बिघडतांना व दुरुस्त होतांना लोकांस पाहूं दिली. आणि दुसऱ्यांस तीं साधनें करतां यावीं म्हणून, पाकशास्त्राच्या पुस्तकांत कृति देतात तशा त्यांच्या कृति छापून प्रसिद्ध केल्या. ही संस्था २०१३ सालीं नव्या जागीं, समुद्राच्या धक्क्यावर गेली. पण तिची रीत तीच राहिली. आपल्याकडेही मुंबईस वरळीचें नेहरू विज्ञान केंद्र १९८५ सालीं खुलें झालें, तें ह्याच जातीचें आहे.

कोणी म्हणेल, हें सारें मोठमोठ्या शहरांचें व पैशांचें काम झालें. त्यांस आम्ही घरचेंच उदाहरण देतों. मध्यप्रदेशांत होशंगाबाद (आतांचें नर्मदापुरम्) जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांतून प्रयोगानें शास्त्र शिकविण्याचा एक उपक्रम सुरू झाला. पुढें पुष्कळ वाढून २००२ सालीं तो सरकारी आज्ञेनें बंद पडला. पण त्यानें एका माणसास वाट दाखविली. श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. चे पदवीधर, पुण्यास टेल्कोच्या कारखान्यांत नोकरीस होते. १९७८ सालीं रजा घेऊन ते होशंगाबादेस गेले. तेथें सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्या सामानांतून त्यांनीं त्रिकोण, चौकोन, मनोरे बनविण्याचा एक खेळ सिद्ध केला. चौकोन दाबला तर कलतो आणि त्रिकोण मात्र कलत नाहीं, हें त्यांत मुलाच्या बोटांस कळतें. आणि पूल व छपरें त्रिकोणांचीं कां असतात तें सांगावें लागत नाहीं. पुढें पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंपासून शास्त्रीय खेळणीं करून मुलांपुढें ठेवलीं. ही शोधिका पु. ल. देशपांडे ह्यांच्या प्रतिष्ठानच्या देणगींतून उभी राहिली, ही गोष्ट आपणां मराठी वाचकांस अभिमानाची आहे.

त्यांतील एक खेळणें आम्हीं घरीं करून पाहिलें. टॉर्चमधला एक सेल, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि रोगण दिलेल्या तांब्याच्या तारेचें वेटोळें, एवढ्यावर विजेची मोटार फिरूं लागते. तारेच्या एका टोंकाचें रोगण सगळ्या बाजूंनीं खरवडावें लागतें, दुसऱ्याचें मात्र अर्ध्याच बाजूनें. आम्हीं व्यवस्थित म्हणून दोन्ही टोंकें पूर्ण खरवडलीं, आणि वेटोळें नुसतें थरथरत राहिलें. प्रवाह सतत वाहिला तर चुंबकाची ओढ वेटोळ्यास अर्ध्या फेरीनंतर उलट खेंचते. म्हणून अर्धी फेरी प्रवाह तुटावा लागतो. ही गोष्ट आम्हीं शाळेंत आकृतीसह पाठ केली होती, आणि पूर्ण गुणही मिळविले होते. कळली मात्र त्या दिवशीं, चुकल्यामुळें.

आतां संगणकाकडे वळूं; कारण वाचकांची खरी काळजी तीच आहे. ह्या बाबतींत सेमूर पेपर्ट ह्या गृहस्थांचा विचार आम्हांस मार्गदर्शक वाटतो. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले हे गणिती अमेरिकेंत एम. आय. टी. मध्यें होते. १९६७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांकरितां ‘लोगो’ नांवाची संगणकाची भाषा तयार केली. तींत एक कासव असतें आणि मूल त्यास हुकूम देतें : शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. असें चार वेळां केलें कीं चौकोन होतो. मग मुलास त्रिकोण काढावासा वाटतो. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून तें साठ अंश वळावयास सांगतें. आणि त्रिकोण न होतां अर्धा षट्कोन निघतो! कासव कोठें वळलें हें पाहण्यासाठीं मूल स्वतः उठून खोलींत चालून पाहतें, आणि त्यास उमगतें कीं वळण एकशेंवीस अंशांचें पाहिजे. येथें कोणी रागावलें नाहीं, कोणीं गुण कापले नाहींत. चूक ही शिक्षेची बाब नसून दुरुस्तीची बाब आहे, हें त्या कासवानें शिकविलें. पेपर्ट ह्यांचें म्हणणें असें कीं, बहुतेक ठिकाणीं यंत्र मुलास चालवितें. वास्तविक मुलानें यंत्रास चालवावें.

ह्याच पेपर्ट ह्यांनीं १९८० सालच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीं स्वतःच्या बाळपणाची हकीकत दिली आहे. त्यांना लहानपणीं दांतेरी चक्रांचें वेड होतें. एक चक्र फिरविलें कीं दुसरें कसें फिरतें, हें पाहण्यांत ते रमून जात. आणि पुढें पाढे व समीकरणें त्यांना त्या चक्रांच्या रूपानें दिसूं लागलीं. हें आम्हीं वाचलें तेव्हां पुस्तक मिटून ठेवलें. त्या दुपारचें तें वर्तमानपत्र आणि त्यावर मांडलेली ओळ डोळ्यांपुढें उभी राहिली.

पेपर्ट ह्यांच्या परंपरेंतले मिचेल रेझ्निक ह्यांच्या मंडळानें २००७ सालीं ‘स्क्रॅच’ प्रसिद्ध केलें. तींत हुकमांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मुलें स्वतःच्या गोष्टी व खेळ रचतात. त्यास पैसे पडत नाहींत. त्याच संस्थेंतील जे सिल्व्हर व एरिक रोझेनबॉम ह्या दोघांनीं २०१२ सालीं ‘मेकी मेकी’ नांवाची एक लहान पाटी लोकांपुढें आणली. गेल्या भाऊबिजेस ती आमच्या घरीं आली, आणि तिनें आमच्या घरांत जें केलें तें सांगण्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

ही पाटी तारेनें संगणकास जोडतात. तिच्यापासून निघालेल्या तारांस मगरीच्या जबड्यासारखे चिमटे असतात. एक चिमटा हातांत धरावयाचा आणि दुसरा एखाद्या वस्तूस लावावयाचा. मग त्या वस्तूस बोट लावलें कीं अत्यंत सूक्ष्म प्रवाह वस्तूंतून व आपल्या अंगांतून फिरून पाटीकडे परत जातो, आणि संगणकास वाटतें कीं आपली कळ दाबली. तो जाणवतही नाहीं इतका थोडा असतो. अशा रीतीनें केळ्यांची पेटी करून वाजवितां येते.

पाटी आणली होती माहेरीं आलेल्या आत्यानें, भाचीकरितां. भाची म्हणजे आमच्या त्याच पुतण्याची दहा वर्षांची मुलगी. तिनें खोकें उघडलें मात्र, तों तिच्या वडिलांच्या तोंडून शब्द आले : "हात लावूं नकोस ! आधीं मला माहितीपत्रक वाचूं दे." ते शब्द कोणाचे होते हें आम्हांस ठाऊक होतें. आम्ही खालीं मान घालून बसलों.

सुदैवानें मुलगी बापाइतकी आज्ञाधारक नाहीं. माहितीपत्रकाचें दुसरें पान उलटेपर्यंत तिनें केळ्यास चिमटा लावला होता. वहिनी म्हणाल्या, "खाण्याच्या जिनसांशीं खेळ कशाला ? ही घे." आणि त्यांनीं पुऱ्यांच्या कणकेंतला एक गोळा काढून दिला. केळें तेवढ्यांत धाकट्यानें खाऊन टाकलें. पुढचा तासभर स्वयंपाकघराची झडती चालली होती. मुलीनें वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आंखले : ‘वाजलें’ आणि ‘वाजलें नाहीं’. कणीक, लिंबू, तुळशीचें पान, पितळेची वाटी, पेन्सिलीची गडद रेघ, दहीं, हीं वाजलीं. लाटणें, कापूर, मेणबत्ती, कांचेचा पेला, तूप, हीं वाजलीं नाहींत. तुपाशीं येऊन सगळे थबकले. दहीं वाजतें आणि तूप वाजत नाहीं, असें कां ? तूप तर दह्याच्याच पोटचें ! वहिनी, ज्यांनीं शास्त्राचें एकही पुस्तक उघडलेलें नाहीं, सहज म्हणाल्या, "अग, कढवतांना त्यांतलें पाणी सगळें उडून जातें ना." उत्तर बरोबर होतें. दह्यांत पाणी असतें, आणि त्यांत विरघळलेले क्षार व आंबटपणा विजेस वाट देतात. तुपांत तसें कांहीं उरत नाहीं. मुलीनें लगेच विचारलें, "मग लोणी ?" ह्याचें उत्तर आम्ही येथें देत नाहीं. ज्यांच्या घरीं असें साधन असेल त्यांनीं करून पाहावें.

नंतर मुलीच्या मनांत आलें कीं, सगळ्यांनीं हात धरून वर्तुळ केलें तर ? अकरा माणसें माजघरांत गोल बसलों. पहिल्याच्या हातांत एक चिमटा, शेवटच्यानें दुसऱ्यास बोट लावावयाचें. लावलें. आवाज नाहीं. कोणी म्हणालें, माणसें फार झालीं. मुलगी म्हणाली, "थांबा, अर्धीअर्धी करून पाहूं." तिनें वर्तुळाचे दोन भाग केले. एक भाग वाजला, दुसरा वाजला नाहीं. न वाजलेल्याचे पुन्हां दोन भाग केले. अशा रीतीनें शोधीत शोधीत ती आपल्या आजीपाशीं आली. आजींनीं हात सोडून बाकीच्यांनीं जोडला कीं वर्तुळ वाजे. आजी मध्यें आल्या कीं बंद.

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हाताऱ्या माणसांत वीज नसते", धाकट्यानें निकाल दिला. दुसऱ्यानें सांगितलें, आजीच्या बांगड्या कांचेच्या आहेत म्हणून. मुलीनें दोघांचेंही ऐकून घेतलें, आणि बांगड्या कोपरापर्यंत सारून पुन्हां पाहिलें. आवाज नाहीं. तेव्हां आमचा पुतण्या, जो एवढा वेळ माहितीपत्रक हातांत धरून होता, पुढें वांकला आणि आईचा तळहात उलटा करून पाहूं लागला. पुऱ्या लाटून आलेल्या त्या हातावर कोरडें पीठ बसलें होतें. तो म्हणाला, "पीठ असेल का ?" आणि कोणी सांगण्यापूर्वीं तो उठला, स्वतःचे हात पिठाच्या डब्यांत घालून आला, आणि आईच्या जागीं बसला. वर्तुळ वाजलें नाहीं. मग आईनें व मुलानें दोघांनींही हात धुतले. अकरा माणसांनीं हात धरले, आणि वर्तुळ असें खणखणीत वाजलें कीं शेजारच्या बिऱ्हाडांतलीं मुलें पाहावयास आलीं.

आमच्या दृष्टीनें त्या दिवशीं दोन गोष्टी घडल्या. दहा वर्षांच्या मुलीनें बिघाड शोधण्याची एक उत्तम रीत स्वतः शोधून काढली. आणि पन्नाशीकडे झुकलेल्या एका यंत्रशास्त्राच्या पदवीधरानें, कोणीं प्रश्नपत्रिका दिली नसतांना, आपण होऊन एक प्रश्न विचारला व त्याच्या उत्तरासाठीं हात मळविले.

आतां वाचकांच्या प्रश्नांकडे येतों. ग्रहमालेचीं चित्रें पाहणें वाईट नाहीं. पुराणांतल्या कथा ऐकणें जसें वाईट नाहीं, तसेंच तें. पण तें ऐकणें झालें, करणें नव्हे. जें साधन मुलाच्या हातास उलट जबाब देतें, मूल चुकलें तर वेगळा आणि बरोबर असलें तर वेगळा, तेंच खरें शिकविणारें. म्हणून कोणतीही पेटी घेण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. हुकूम कोण देतो, मूल कीं पेटी ? आणि झांकणावर छापलेली वस्तू एकदां करून झाली कीं दुसऱ्या दिवशीं त्यांतून नवें कांहीं करतां येतें का ? ज्या पेटीचें काम पहिल्याच दिवशीं संपतें, तिचे पैसे खुशाल बँकेंत ठेवावे.

पेटी घेतलीच पाहिजे असेंही नाहीं. घरांतला एक खण मुलांस द्यावा. त्यांत एक पेचकस, एक पक्कड, भिंग, लोहचुंबक, थोडी तार, टॉर्चचे सेल, दोरा, रबर, आणि बंद पडलेल्या वस्तू असाव्या. खण मुलगे आणि मुली ह्या दोघांचा असावा. पेचकस भावास आणि रांगोळी बहिणीस अशी वांटणी करूं नये. एकत्र कुटुंबास ह्या कामीं एक मोठी सोय आहे. आईबापांस वेळ नसला तरी आजोबा, काकू, आत्या ह्यांपैकीं कोणीतरी रिकामें असतें. त्या वडील माणसास शास्त्र यावें लागत नाहीं. मुलानें ‘असें कां ?’ विचारलें तर ‘करून पाहूं’ एवढें म्हणतां आलें म्हणजे पुरे.

आजीबाईंच्या प्रश्नास उत्तर : अडवूं नये, पण हद्द मात्र आंखून द्यावी, आणि ती कडक असावी. भिंतींतल्या विजेस मुलानें कधींही हात लावावयाचा नाहीं. सारे खेळ सेलवरचे. पाटी संगणकास जोडली असेल तेव्हां संगणकाची भिंतींतली तार काढून ठेवावी. जुने दूरदर्शन संच व मायक्रोवेव्ह भट्टी मुलांनीं उघडूं नयेत. तार काढल्यावरही त्यांत जीवघेणी वीज सांठून राहूं शकते. फोनची बॅटरी टोंचूं वा वांकवूं नये. ती पेट घेते. बटणाएवढे सेल व बारीक जोरदार चुंबक लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. गिळले गेले तर आंतड्यांस व गळ्यास भयंकर इजा होते, व क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालयांत न्यावें लागतें. ह्या चार-पांच गोष्टी सोडून बाकीच्या शंभर गोष्टींस मुलांनीं हात लावावा.

भाऊबिजेच्या रात्रीं, मंडळी पांगल्यावर, वहिनी माळ्यावरून बिस्किटांचा एक गंजलेला पत्र्याचा डबा खालीं काढावयास सांगूं लागल्या. डब्यांत तें घड्याळ होतें. सगळीं चक्रें, स्प्रिंग, एकूण एक स्क्रू. चाळीस वर्षें त्यांनीं तो जपला होता, आणि आम्हांस कधीं सांगितलें नव्हतें. पुतण्यानें डबा पाहिला, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं बोलला नाहीं. आम्हीं त्या दुपारच्या रट्ट्यांबद्दल त्याची क्षमा मागितली. वडिलांनीं लहानांची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाहीं. पण ती पाडावी, असें आम्हांस वाटतें.

तेव्हांपासून रविवारीं सकाळीं बाप-लेक माजघरांत वर्तमानपत्र पसरून बसतात. चक्रें ओळींत मांडलेलीं असतात. घड्याळ अजून चालूं झालेलें नाहीं. मुलीचें म्हणणें, एक चक्र उलटें बसलें आहे. बापाचें म्हणणें, दोन. आम्ही झोपाळ्यावर बसून पाहत असतों, आणि विचारल्यावांचून सल्ला देत नाहीं.